नावाच्या कड्यावर थांबू नये: जुन्या लेन्सची आवृत्ती ओळखताना

जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या लेन्सवर पुढच्या बाजूला कोरलेले नाव वाचले की तिची ओळख पटली, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक त्या कड्यावरून कंपनी, फोकल लेंग्थ (मिलिमीटरमधला आकडा) आणि कमाल ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र जास्तीत जास्त किती उघडते, एवढेच निश्चित कळते. एकच नाव वर्षानुवर्षे चालू ठेवून आतली काचरचना बदलण्याची किंवा काचा त्याच ठेवून बाहेरचे रूप पालटण्याची पद्धत जवळजवळ सर्वच उत्पादकांत होती. त्यामुळे आवृत्ती ठरवायची तर लेन्स उलटी करून मागून पाहायला सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

पेंटॅक्स कॅमेरे बनवणाऱ्या असाही या जपानी कंपनीची ५० मिलिमीटर एफ १.४ सुपर-टाकुमार हे याचे उत्तम उदाहरण आहे. १९६४ साली आलेल्या पहिल्या रचनेत आठ काचा होत्या. लवकरच तिची जागा सात काचांच्या रचनेने घेतली, पण कड्यावरचे नाव अक्षरशः तेच राहिले. दोन्ही शेजारी ठेवल्या तर आठ काचांच्या लेन्सची मागची काच अधिक बाहेर आलेली दिसते. एकच लेन्स हाती असेल तर डेप्थ ऑफ फील्डच्या पट्टीवरची (कोणत्या ॲपर्चरला किती अंतरापर्यंत स्पष्ट दिसेल हे सांगणाऱ्या लेन्सवरच्या आकड्यांवरची) इन्फ्रारेडची लाल खूण पाहावी: ती ४ या आकड्याच्या उजवीकडे असेल तर आठ काचा, डावीकडे असेल तर सात. तिसरा पुरावा रंगाचा आहे. सात काचांच्या रचनेत थोरियमयुक्त काच वापरलेली असल्याने ती काळानुसार पिवळसर-तपकिरी होते आणि पांढऱ्या कागदावर धरली की हा रंग सहज दिसतो. मात्र अतिनील प्रकाशात ठेवून तो बराचसा घालवता येतो, म्हणून काच स्वच्छ दिसते एवढ्यावरून लेन्स आठ काचांची ठरवणे घाईचे होईल.

निकॉनने जुन्या लेन्सच्या नावातच काचांची संख्या सांगणारे अक्षर घातले होते. निक्कोर-एच म्हणजे सहा काचा, निक्कोर-पी म्हणजे पाच, निक्कोर-क्यू म्हणजे चार. ही सोय मोठी असली तरी संख्या म्हणजे रचना नव्हे. १०५ मिलिमीटर एफ २.५ ही लेन्स आधी सोनार पद्धतीची होती आणि १९७१ मध्ये तिला गाउस पद्धतीची रचना मिळाली; हे काचा मांडण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत. पण काचा दोन्हींत पाचच असल्याने पी हे अक्षर कायम राहिले. येथेही निर्णय मागच्या काचेवरच होतो, कारण नव्या रचनेत ती लक्षणीय मोठी आहे. शिवाय १९७७ मध्ये लेन्सचे ॲपर्चर कॅमेऱ्याला कळवण्याची एआय ही नवी पद्धत आल्यावर अनेक जुन्या लेन्सना नवे ॲपर्चर रिंग बसवण्यात आले. त्यामुळे नावात जुने अक्षर आणि ॲपर्चर रिंगवर आकड्यांची दुसरी बारीक ओळ, असे परस्परविरोधी वाटणारे चित्र दिसले तर ती रूपांतरित लेन्स समजावी.

विविटारची गोष्ट उलटी आहे, कारण ही कंपनी लेन्स इतरांकडून बनवून घेत असे. तिच्या अनेक लेन्सवर सिरिअल नंबरचे पहिले दोन अंक उत्पादक सांगतात: २२ म्हणजे किनो प्रिसिजन, २८ म्हणजे कोमिने, ३७ म्हणजे टोकिना. तिसरा अंक वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे दोन आठवड्याचे. त्यातून दशक कळत नाही. ते घडणीवरून आणि माउंटवरून (लेन्स कॅमेऱ्याला बसवण्याच्या जोडावरून) ठरवावे लागते. सिरीज १ मालिकेतील ७०-२१० मिलिमीटर झूमच्या पहिल्या तीन आवृत्त्यांपुरते तर नंबर न पाहताही भागते: किनोच्या लेन्सला ६७ मिलिमीटरचा फिल्टर लागतो, टोकिनाच्या आणि कोमिनेच्या लेन्सना ६२ मिलिमीटरचा, पण कोमिनेचे कमाल ॲपर्चर २.८ ते ४ असे बदलते, तर आधीच्या दोघींचे ३.५ वर स्थिर आहे.

सोव्हिएत हेलिओस-४४ बाबत मी सर्वाधिक सावध असतो. कार्ल झाइस येनाच्या बायोटारवर बेतलेली ही ५८ मिलिमीटर एफ २ लेन्स एकाहून अधिक कारखान्यांत बनली आणि दुरुस्तीत तिचे भाग सर्रास अदलाबदल झाले. सिरिअल नंबरचे पहिले दोन अंक बहुधा उत्पादनाचे वर्ष असतात, परंतु हा नंबर पुढच्या कड्यावर आहे आणि ते कडे सहज निघते. म्हणून ॲपर्चरची पाती मोजावीत: ४४-२ मध्ये आठ असतात, ४४एम-४ मध्ये सहा. ३९ मिलिमीटरच्या आट्यांनीही फसवणूक होते. झेनिट या सोव्हिएत कॅमेऱ्यासाठीच्या लेन्सचे माउंटपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४५.२ मिलिमीटर, तर लायका या जर्मन कॅमेऱ्याच्या स्क्रू माउंटचे २८.८; बाहेरून व्यास सारखाच दिसत असला तरी एका प्रकारची लेन्स दुसऱ्या प्रकारच्या कॅमेऱ्यावर नीट फोकस होणार नाही.

लेन्स प्रत्यक्ष न पाहता घ्यायची असेल, तर विक्रेत्याकडून पुढच्या कड्याच्या फोटोबरोबर माउंटचा समोरून, मागच्या काचेचा बाजूने, डेप्थ ऑफ फील्डच्या पट्टीचा वरून आणि अर्धवट बंद केलेल्या पात्यांचा असे फोटो मागवावेत.