सगळे पैसे दिलो नाही

परवा बेळगावकडच्या खानापूर कोर्टात झालेलं डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय. मी बीएस्सी मॅथ्स करून मग एलएलबीला गेलो, त्यामुळे लॉजिकचा माज जरा जास्तच. अशील म्हणजे एका खेड्यातले काका. तीन लाख हातउसने घेतलेले, दोन लाख थोडे थोडे करून फेडलेले, एक लाख बाकी. समोरचा म्हणतोय एक रुपयाही परत आला नाही, वर नंतर आणखी 50,000 दिले म्हणून दावा.

कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, मीच ड्राफ्ट केली आणि मस्त केली. "50,000 घेतले नाहीत" एवढंच लिहिलं तर मग 49,000 घेतले असतील की! म्हणून तर सीपीसीचा, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचा, ऑर्डर 8 रूल 4 सांगतो, ती रक्कम किंवा तिचा कुठलाही भाग घेतला नाही असं नाकारा, नाहीतर किती घेतले ते सांगा. 1908 चा कायदा, पण ज्यानं लिहिला त्याला निगेशन कळत होतं. आमच्याकडे निम्मे वकील अजून "सर्व मजकूर खोटा व नाकबूल" ठोकून मोकळे होतात. अहो, सगळं खरं नाही म्हणजे सगळं खोटं असं कुठं असतंय, एक ओळ खोटी निघाली तरी "सगळं खरं नाही" हे वाक्य खरं ठरतं.

तर उलटतपास. समोरच्या वकिलांनी कन्नडमधनं विचारलं, पैसे परत दिले नाहीत ना? काका आपल्या बेळगावी मराठीत म्हणाले, "सगळे पैसे दिलो नाही." जोर "सगळे"वर, म्हणजे थोडे दिलोय. कुणीतरी कन्नडमध्ये सांगितलं, एल्ला रोक्क कोट्टिल्ल. तिथंही तोच घोळ, सगळे न देणं आणि काहीच न देणं एकाच वाक्यात बसतंय. जज्जसाहेबांनी इंग्रजीत डिक्टेट केलं आणि टायपिस्टनं टाइप केलं, आय हॅव नॉट पेड एनी अमाउंट. जोर काय टाइप होतो?

"सगळेच दिलो नाही" म्हटले असते तर वाचलो असतो. "दिलोच नाही" म्हटले असते तर मेलोच होतो. एक "च" कुठं बसतो त्यावर दोन लाख.

आणि मी? मी तेव्हा फाइलीत पावत्यांचे एक्झिबिट नंबर शोधत होतो. काकांनी सही केली, फेरतपासाला मी "नो री", म्हणजे आणखी काही विचारायचं नाही, म्हणून बसलो. संध्याकाळी ऑफिसात डिपॉझिशन, म्हणजे काकांची टाइप झालेली साक्ष, वाचताना पोटात गोळा आला.

सीनियरना सांगितलं. ऑर्डर 18 रूल 17 खाली साक्षीदार परत बोलवायचा अर्ज टाकू म्हणालो, तर ते म्हणाले टाक, पण कोर्ट म्हणणार चूक झाकायला आलाय. पावत्या आहेत, आर्ग्युमेंटला बघू. त्यांचं सगळंच आर्ग्युमेंटला बघू असतंय.

काकांना फोन केला. ते म्हणाले, "वकीलसाहेब, मी खरंच सांगितलो की ओ."

पुढची तारीख मंगळवारी आहे. अर्ज टाइप करून ठेवलाय, फक्त काकांचं ते वाक्य इंग्रजीत कसं लिहायचं तिथं अजून अडलोय.