गुलाबी पंखाने घात केला: कॅटोकाला नोंदी, सप्टेंबर

न्यू जर्सीतल्या डेलावेअर अँड रॅरिटन कॅनॉलच्या काठी कॅटोकालांसाठी, म्हणजे रंगीत मागच्या पंखांच्या निशाचर पतंगांसाठी, विलोंच्या खोडांना आमिष फासणं तीन आठवडे चालू आहे. शिळी बिअर, काळी पडलेली केळी आणि ब्राउन शुगर आंबवायची, अंधार पडायच्या बेताला ब्रशने लावायची. परवा साखर संपली म्हणून इंडियन दुकानातला गूळ घातला. पतंगांना चालला. पुण्याहून आलेल्या आईने मात्र "अरे, शिकरण नासलीय" म्हणत अर्धा डबा सिंकमध्ये ओतला.

मुख्य काम जुनी चूक दुरुस्त करण्याचं. गेल्या वर्षी इथल्याच एका पतंगाची मी 'स्वीटहार्ट', म्हणजे कॅटोकाला अमाट्रिक्स, अशी नोंद केली होती. मागचे पंख गुलाबी, त्यांवर काळे पट्टे, एवढ्यावर भुललो. पण 'डार्लिंग', म्हणजे कॅटोकाला कारा, हीसुद्धा गुलाबीच, आणि कॉन्कम्बेन्सही. तिघींच्या अळ्या विलो-पॉप्लरवर वाढतात, त्यामुळे झाडावरूनही निवाडा होत नाही. (नावं बघा! जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने एकीला नुप्टा, म्हणजे नवरी, म्हटलं आणि पुढच्यांनी वाग्दत्ता, विधवा सगळ्या गोळा केल्या. लग्नघरच आहे हे.)

यंदा पुढच्या पंखापासून सुरुवात केली. कॉन्कम्बेन्स फिकट राखाडी, ती लगेच बाजूला पडते. अमाट्रिक्सच्या करड्या-तपकिरी पंखावर बुडापासून टोकाकडे जाणारा काळसर पट्टा असतो. काराचा पंख गडद, जांभळट तपकिरी, त्यावर हिरवट-पिवळी भुकटी भुरभुरल्यासारखी. जुना फोटो मोठा करून पाहिला तर भुकटी स्पष्ट दिसते, पट्ट्याचा पत्ता नाही. म्हणजे कारा. नोंद बदलली.

पण पट्टा नाही म्हणून अमाट्रिक्स नाही, असंही म्हणता येत नाही. तिचं 'सिलेक्टा' हे रूप बिनपट्ट्याचंच असतं. शुक्रवारी नेमकी तसलीच एक आली. पांढऱ्या टॉर्चने या भुर्रकन उडतात, म्हणून डोक्याला लाल दिवा. हळूच बरणीत घेतली, दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली, दोन्ही पंखांचे फोटो काढून त्याच खोडावर सोडली. खवले इतके झडलेले की भुकटी मुळात नव्हती की झडून गेली, हे सांगता येईना. वहीत तिच्यापुढे नुसतं 'कॅटोकाला' लिहिलंय.

आमिषाचा डबा आता गॅरेजमध्ये, वरच्या फळीवर.