एम-थ्री तिसऱ्यांदा राहिलेला मुलगा

माझ्या मेंटॉर बॅचमधला एक मुलगा आज केबिनच्या दाराशी घुटमळत होता. एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर, तिसऱ्यांदा राहिलाय. इयर डाऊनची, म्हणजे वर्ष वाया जाण्याची भीती. "सर, घरी सांगितलेलं नाही."

गणितावर पाचच मिनिटं बोललो. बाकी सगळं मेस बंद केल्याचं, रात्र रात्र झोप न लागण्याचं. मग समुपदेशक मॅडमकडे स्वतः घेऊन गेलो. नुसतं "जाऊन ये" म्हटलं की मुलं जात नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक हवाच, असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५मध्ये बजावलंय. आमच्याकडे मॅडम आठवड्यातून दोनच दिवस येतात. नशीब, आज त्या होत्या.

उद्या दुपारी दोघं एम-थ्रीतलं लाप्लासचं प्रकरण घेऊन बसणार आहोत. आधी जेवून.