दोन ठिपके की तीन

होंडुरासमधल्या कोपान या जुन्या माया शहरात उत्खननाचा माझा दुसरा सीझन चालू होता. इथला तो कोरीव जिना माहीत असेल, २००० च्या वर चिन्हं, माया लिपीतला सगळ्यात लांब लेख, पण वरच्या पायऱ्या कधीच्याच ढासळलेल्या आणि १९३० च्या दशकात परत रचल्या तेव्हा लिपी वाचताच येत नव्हती, त्यामुळे दगड जमेल तसे बसवलेत. म्हणजे पोथीची पानं विस्कटली आणि कुणीतरी तशीच शिवून टाकली. असो, माझ्या वाट्याला जिना नव्हता, गोदामातला एक फुटका दगड होता.

त्यावर तारीख. ठिपका म्हणजे १, पट्टी म्हणजे ५, पोरखेळ. दिवसाचं नाव अहाव, आणि तो महिन्यातला कितवा दिवस हा आकडा मी वाचला १२, दोन पट्ट्या न् दोन ठिपके. मधे अजून एक झिजलेला उंचवटा होता, पण दोनच ठिपके असले की मधली जागा रिकामी दिसू नये म्हणून ते लोक तिथे नुसती नक्षी भरायचे, ती मोजायची नसते. तसं ड्रॉइंग करून सरांना पाठवून मोकळा झालो.

सरांचा एका ओळीचा मेल. "अहाव आणि १२?"

पोटात गोळाच आला. अहावला महिन्यातले ३, ८, १३, १८ एवढेच आकडे लागतात, दिवसांची नावं २०, महिना २० दिवसांचा आणि वर्ष ३६५ दिवसांचं, म्हणून दर वर्षी नाव ५ ने सरकतं, गणितच तसं आहे. १२ म्हणजे कोजागिरी अमावस्येला आली म्हणण्यासारखं. आणि मी शहाण्याने खाली टीप टाकलेली, कोरणाऱ्याची चूक असावी म्हणून!

झिजलेला दगड दिवसा सपाटच दिसतो, म्हणून रात्री गेलो. वॉचमन काका टॉर्च धरून उभे, मी पेन्सिल घेऊन, अर्धा तास काही नाही. मग काका दमून खालीच टेकले न् उजेड एकदम बाजूने, दगडाला घासून गेला. मधल्या उंचवट्याला गोल सावली पडली. नक्षी चंद्रकोरीसारखी किंवा फुलीसारखी असती, हा वरच्या-खालच्यासारखाच चक्क गोल ठिपका. १३.

म्हटलं काका हलू नका, तसेच बसा. वीस मिनिटं बिचारे डास मारत बसले, मी परत ड्रॉइंग केलं, ती टीप खोडली.

"झालं का? कुलूप लावू?"