तिसरं कोकरू

मागच्या हिवाळ्यात पहाटे चारला माण तालुक्यातनं फोन आला, "डॉक्टर, मेंढी अडलीय, दोन पाय दिसत्यात पण कोकरू येईना." मी मोटरसायकल काढली. तिथं पोचलो तर मेंढपाळ तात्या वाघरीजवळ, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीजवळ, बॅटरी धरून बसलेले आणि मेंढी पार दमलेली.

हात धुऊन, जेल लावून आत घातला तेव्हा कळलं, दिसत होते ते दोन पाय दोन वेगळ्या कोकरांचे. अशा वेळी ओढलं की संपलंच. पाय धरून खांद्यापर्यंत चाचपत जायचं, मान कुठली, डोकं कुठलं ते नक्की करायचं, एकाला हळूच मागं सारायचं आणि मगच दुसऱ्याला घ्यायचं, यात अर्धा तास गेला. दोन्ही जिवंत आली. सवयीनं परत हात घातला तर आत तिसरं!

तात्या गप्पच झाले. दख्खनी मेंढीला एका वेताला एकच कोकरू, त्यांच्या उभ्या हयातीत तेच बघितलेलं. मी विचारलं, हिचा बाप कुठला? म्हणाले, तीन वर्षांमागं फलटणहून मेंढा आणलेला त्याची ही लेक.

मग उलगडा झाला. फलटणच्या निंबकर संस्थेनं सुंदरबनातल्या गरोल मेंढीचं फेकबी, म्हणजे एका वेताला जास्त कोकरं देणारं जनुक दख्खनीत आणून सुवर्णा जात केलीय. अंडाशयात एरवी बऱ्याच बीजपुटिका, म्हणजे बीज वाढवणाऱ्या पिशव्या, एकदम वाढायला लागतात, त्यातली बहुतेक वेळा एकच टिकते, बाकीच्या विरून जातात. या वाढीवर बीएमपी नावाच्या ग्रोथ फॅक्टरच्या, म्हणजे वाढीचे निरोप देणाऱ्या प्रथिनाच्या, निरोपांचा ताबा असतो आणि फेकबी असलं की तो निरोप झेलणाऱ्या रिसेप्टरमध्ये फक्त एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, हे 2001 साली कळलं. एवढ्याशा बदलानं पुटिका लहान असतानाच पिकतात, एकाच्या जागी दोन-तीन बीजं सुटतात. मला आजही याचं नवल वाटतं.

तात्यांना म्हणालो, हे मेंढ्याकडनं लेकीत येतं, कोकरं किती ते लेकीच्या अंडाशयात ठरतं. "मग त्योच मेंढा हिलाबी लावू का?" मी ठाम नको म्हणालो. बाप-लेक तर नकोच, शिवाय दोन्हीकडनं जनुक आलं की तिळं, चौळं वाढतात. एक प्रत असली की बहुतेक जुळी, कधीमधी तिळं. सड दोनच, आणि रानोमाळ फिरणाऱ्या कळपात चारा जेमतेम, जुळी पोसायची म्हटली तरी मेंढीला गाभणपणीच खुराक लागतो. नुसती कोकरं मोजून चालत नाही हो, ती जगली पायजेत.

तिसरं सगळ्यात बारकं, उभंच राहीना. वहिनींनी त्याला घोंगडीत गुंडाळलं, मी आईचा चीक पिळून थोडा थोडा पाजला. उजाडल्यावर तात्यांनी कळपातली दुभती शेळी आणली, तिचे मागचे पाय धरले आणि कोकराचं तोंड सडाला लावलं. दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा शेपूट हलायला लागली.