जेन्ट्स की लेडीज?

मॉलमधल्या परफ्यूमच्या दुकानात शिरलं की नाकाआधी डोळ्यांना काम लागतं. एका भिंतीला गुलाबी, सोनेरी, नाजूक मानेच्या बाटल्या. समोरच्या भिंतीला काळ्या, निळ्या, चौकोनी आणि हातात घेतल्यावर पेपरवेटसारख्या जड. मी बहुतेक वेळा काळ्या-निळ्यांकडे वळते आणि काउंटरवरची मुलगी लगबगीने येऊन सांगते, "मॅडम, ते जेन्ट्सचं आहे."

असू दे. मला वाळा आवडतो. गेर्लां या फ्रेंच घराण्याचं 'व्हेटिव्हर' १९५९ सालचं, आणि तेव्हापासून ते पुरुषांच्या फळीवर बसलेलं आहे. त्यात मुख्य पात्र म्हणजे वाळा. विदर्भात उन्हाळ्यात खिडकीला ज्याचे पडदे लावून पाणी मारायचे, माठात ज्याची जुडी सोडतात, त्याच गवताची मुळं. माठातलं ते पाणी बायकांनी पिऊ नये असं अजून तरी कुणी म्हटलेलं नाही.

अत्तराच्या थेंबाला बाई-पुरुष कळत नाही. कळतं ते बाटलीला, झाकणाला आणि जाहिरातीतल्या त्या उघड्या छातीच्या माणसाला. पण या वाटणीवर अख्खा धंदा उभा आहे. न्यूयॉर्कच्या फ्रॅग्रन्स फाउंडेशनची बक्षिसं १९७३ पासून दिली जातात. त्यांना बरीच वर्षं लाडाने 'फिफी' म्हणत, आणि सुगंधांचे ऑस्कर अशी त्यांची ख्याती. त्यातही बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. शिवाय बाटली-खोक्याला वेगळं आणि जाहिरातीला वेगळं, हे मला फार प्रामाणिक वाटतं. निम्मं काम तीच दोघं करतात. अलीकडे 'युनिव्हर्सल' असाही एक गट आलाय. म्हणजे कुणीही लावा.

पुरुषांच्या सुगंधांतलं एक मोठं नाव काढायचं तर डिऑरचं 'ओ सोव्हाज'. १९६६ साल, कर्ता एडमंड रुडनित्स्का. लिंबू, वनस्पतींचा हिरवेपणा, सगळं कसं ताजंतवानं, मर्दानी. आणि त्याला तो मोकळा, हवेशीर उजाळा कशाने आला? हेडिओन नावाच्या द्रव्याने. ते सापडलं चमेलीच्या अर्कात. म्हणजे बायकोने केसांत माळायचं आणि नवऱ्याने दाढी झाल्यावर गालाला लावायचं, एकाच खानदानातलं. पुढे २००५ मध्ये डिऑरनेच 'डिऑर ओम' काढलं, त्यात तर आयरिस या फुलझाडाची मुळं. जुन्या लिपस्टिकला आणि पावडरच्या डबीला जो वास यायचा, तो हाच. पुरुषांनी तो आनंदाने मानेला फासला, कारण बाटली चौकोनी होती!

लव्हेंडरची गोष्ट तर याहून मजेची. १८८२ मध्ये उबिगां कंपनीच्या 'फुझेर रोयाल'मध्ये कुमारिन हे प्रयोगशाळेत बनवलेलं द्रव्य आलं. सुकलेल्या गवताच्या गंजीजवळ उभं राहिल्यावर येतो तसा गोडसर वास. लव्हेंडर, कुमारिन आणि ओकवृक्षावरचं दगडफूल या मिश्रणाचं पुढे गोत्रच तयार झालं, आणि ते दाढीच्या साबणात इतकं मुरलं की आज लव्हेंडर-कुमारिनचा वास आला की लोकांना न्हावी आठवतो. सात वर्षांनी, १८८९ मध्ये, गेर्लांचं 'झिकी' आलं. त्यातही लव्हेंडर आहे, कुमारिन आहे, वर व्हॅनिला. ते मात्र बायकाही लावत आल्या, पुरुषही. सामान बरंचसं तेच, पंगत मात्र वेगळी.

व्हॅनिलाला तर बायकी म्हणून नावं ठेवण्याची सोयच उरलेली नाही. १९९५ चं, गोतिए या फ्रेंच फॅशनवाल्याचं 'ल माल' हे बाटलीपासून पुरुषी: पट्ट्यापट्ट्यांच्या बनियनमधलं पिळदार धड, तेही पत्र्याच्या डब्यात. आत पुदिना, लव्हेंडर आणि भरपूर व्हॅनिला. आइस्क्रीम लावून हिंडतोय असं कुणी त्या पुरुषांना म्हटलं नाही.

वाटणी अगदीच निरुपयोगी आहे असं नाही. मेव्हण्याच्या वाढदिवसाला काय द्यावं, या प्रश्नाला ती पाच मिनिटांत उत्तर देते. पण १९९४ मध्ये केल्विन क्लाइनने 'सीके वन' काढून हे दोघांसाठी आहे असं जाहीर केलं, तेव्हा केवढी क्रांती झाल्यासारखं वाटलं होतं! मोहम्मद अली रोडवरच्या अत्तरवाल्याला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बरं, मग? त्याच्याकडे वाटणी होतीच, पण ऋतूंची. खस आणि गुलाब उन्हाळ्याला, हिना आणि मसाल्यांचा शमामा थंडीला. उत्तर प्रदेशातल्या कन्नौज या अत्तरांच्या गावी तांब्याच्या डेगीत, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुलं शिजतात आणि वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या दुसऱ्या भांड्यातल्या चंदनतेलात उतरते. आता चंदन परवडत नाही म्हणून पुष्कळदा दुसरं काही असतं. कोण लावणार याची पंचाईत त्या डेगीला कधी पडली नाही.

आपल्याकडे हळदीकुंकवाला बायकांच्या हाताच्या पालथ्या बाजूला जे अत्तर लागतं, तेच लग्नात मांडवाच्या दाराशी उभी राहिलेली पोरं फेटेवाल्या मंडळींच्या मनगटाला चोळतात. गुलाबदाणीतून शिंतोडे सगळ्यांवर सारखेच, चष्मा असेल त्याच्यावर थोडे जास्त. माझे आजोबा कानाच्या पाळीत हिन्याचा फाया ठेवत. मिशी भरघोस, आवाज खर्जातला, कोर्टात लोक टरकून असत. गुलाबाचं अत्तर तर त्यांना फारच प्रिय. त्यात काही कमीपणा आहे हे त्यांना सांगायला तेव्हा काउंटरवर कुणी नव्हतं.

परवाच्या दिवाळीत फराळानंतर मी एक खेळ मांडला. दुकानातून आणलेल्या कागदाच्या पट्ट्यांवर वेगवेगळे परफ्यूम मारले, पाठीमागे पेन्सिलीने नावं लिहिली आणि सगळ्यांना दिल्या. ओळखा, जेन्ट्स की लेडीज. भाचीने 'व्हेटिव्हर' हुंगून "लेडीज, एकदम क्लासी" असा निर्वाळा दिला. वहिनीला 'डिऑर ओम'मध्ये तिच्या आईचं ड्रेसिंग टेबल सापडलं. काकांचा या विषयातला अधिकार असा की ते गेली कित्येक वर्षं एकच डिओ वापरतात. त्यांनी एक पट्टी नाकाशी धरली, डोळे मिटले. "काय भारदस्त आहे! धूर, चामडं... हे शंभर टक्के पुरुषाचं."

मी पट्टी उलटी केली. गेर्लांचं 'शालिमार', १९२५. शाहजहानच्या शालिमार बागेवरून नाव घेतलेलं आणि शंभर वर्षं बायकांच्या फळीवर असलेलं.

"शाहजहान पुरुषच होता ना?" काका म्हणाले, आणि पट्टी घडी करून सदऱ्याच्या खिशात टाकली.