किल्ल्या, तळपाय आणि श्वास

कोणी टेबलावर किल्ल्यांचा जुडगा आदळला, की माझे खांदे आजही आपोआप वर चढतात, जबडा आवळला जातो आणि तोंडाला कोरड पडते. लहानपणी घरातल्या एका मोठ्या माणसाचा त्या दिवशीचा राग किती चढलेला आहे, हे मला किल्ल्या कशा ठेवल्या जातात यावरूनच कळत असे. हळू ठेवल्या तर संध्याकाळ बरी जायची. आदळल्या तर पुस्तक उघडून, त्यातले एक अक्षरही न वाचता, कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा बेताने कोपऱ्यात बसून राहायचे. ते घर सोडून मला वीसहून अधिक वर्षे झाली, ते माणूसही आता हयात नाही, पण माझ्या खांद्यांपर्यंत ही बातमी अजून पोहोचलेली नाही.

याला ‘ट्रिगर’ म्हणतात. हल्ली हा शब्द इतका सैल वापरला जातो की नावडती कोणतीही गोष्ट ट्रिगर ठरते. मला अभिप्रेत असलेला अर्थ मर्यादित आहे: आजची एखादी किरकोळ खूण, जिच्यामुळे जुना धोका आत्ता समोर उभा असल्यासारखे शरीर वागू लागते. मेंदूतील अमिग्डाला हा भाग धोक्याची चाहूल घेतो आणि विचार पुरता होण्याआधीच हृदय, श्वास व स्नायू यांना कामाला लावतो. म्हणूनच ‘त्यात घाबरण्यासारखे काय आहे?’ या प्रश्नाचा अशा वेळी काहीही उपयोग होत नाही. प्रश्न बुद्धीला विचारलेला असतो आणि उत्तर शरीराने केव्हाच देऊन टाकलेले असते.

ध्यानाकडे मी वळले ती शांततेच्या आशेने, आणि पदरी पडले ते नेमके उलटे. एका वर्गात डोळे मिटून पाऊण तास श्वासावर लक्ष ठेवायचे होते. दहाएक मिनिटांत छातीभोवती पट्टा आवळावा तसे झाले, हातापायांना घाम सुटला, आणि कानात किल्ल्या वाजू लागल्या. शिकवणाऱ्यांची सूचना होती की जे वर येते ते येऊ द्यावे, जागेवरून हलू नये. मी हलले नाही. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही आणि पुढे कित्येक दिवस दाराची कडी वाजली तरी मी दचकत होते. आपल्यातच चिकाटी कमी आहे, असा निष्कर्ष मी तेव्हा काढला. पुढे 2017 साली जॅरेड लिंडाल, विलोबी ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाविषयी वाचले. त्यांनी ध्यान करणाऱ्या आणि शिकवणाऱ्या लोकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या होत्या, आणि तीव्र भीती, जुन्या आघाताच्या आठवणी उसळून येणे असे अनुभव त्यांत नोंदवलेले होते. ते वाचून मला जितके हायसे वाटले, तितकाच रागही आला. ही गोष्ट कोणीतरी आधी सांगायला हवी होती.

ज्याची भीती छातीतच साठलेली आहे, त्याला श्वासावर लक्ष ठेवायला सांगणे म्हणजे दुखऱ्या जागेवरच बोट दाबून धरायला सांगणे होय. हे मला माझ्या समुपदेशकांनी समजावले आणि अगदी साधा बदल सुचवला: डोळे उघडे ठेवा, नजर जमिनीवर सोडा, लक्ष तळपायांकडे न्या. तळपायांशी माझी कोणतीही जुनी आठवण जोडलेली नव्हती. फरशीचा गारवा, टाचेवरचा भार, बोटांच्या पेरांतली किंचित उष्णता, एवढाच अभ्यास, तोही पाच मिनिटे. काही आठवड्यांनी छातीतल्या आवळण्याकडे दोन-तीन श्वासांपुरते जायचे आणि पुन्हा तळपायांवर परतायचे, असे सुरू झाले. या येण्याजाण्यातच सगळे शिकणे आहे, असे आता माझे मत झाले आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॅन सीगल यांनी ‘सहनशीलतेची खिडकी’ अशी कल्पना मांडली आहे: उत्तेजना एका मर्यादेत असेल तरच माणूस अनुभव पचवू शकतो, तिच्या वर गेला तर भडका, खाली गेला तर बधिरपणा. त्या पहिल्या वर्गात मी खिडकीबाहेर लोंबकळत होते आणि त्यालाच साधना समजत होते.

दुसरी मदत झाली ती नाव देण्याची. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने 2007 साली दाखवून दिले की भावना दर्शवणारे चेहरे पाहताना त्या भावनेला शब्द दिला, तर अमिग्डालाची प्रतिक्रिया मंदावते. मी मनात एवढेच म्हणते: ‘भीती आहे. खांद्यांत आहे.’ ‘मी घाबरले आहे’ असे म्हणत नाही. फरक व्याकरणाचाच आहे, पण जाणवतो.

मात्र केवळ ध्यानावर मी विसंबले नाही आणि कोणी विसंबू नये असेच सांगेन. आघातोत्तर तणावासाठी आघातकेंद्रित बोधात्मक वर्तनोपचार (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणे बदलण्याचा उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत आघाताच्या आठवणीवर काम करण्याचा उपचार) या पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली केली आहे. दुःस्वप्ने, स्मृतींचे अचानक झटके किंवा जगणे नकोसे होणे असा त्रास असेल, तर एकट्याने डोळे मिटून बसण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटणे आवश्यक आहे.

गेल्या आठवड्यात बैठक चालू असताना एका सहकाऱ्याने घाईने आत येऊन किल्ल्या टेबलावर टाकल्या. खांदे चढलेच. तळपाय बुटांत होते, त्यामुळे गारवा नव्हता, नुसता भार होता. तो जाणवेपर्यंत मी थांबले. मग किल्ल्यांकडे पाहिले: तीन किल्ल्या आणि निळ्या दोऱ्याचा गोंडा. तोंडाला कोरड होतीच, म्हणून दोन घोट पाणी प्यायले आणि अर्धे राहिलेले वाक्य पुढे सुरू केले.